एक महिन्याची नोटीस

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्यांची शिक्षणसेवकाची तीन वर्षे पूर्ण झाली आणि कायम केल्याचा आदेश त्यांच्या हातात आला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. चहा घेता घेता त्यांनी मला विचारले, "सर, कायम झालो म्हणजे पगार वाढला, एवढे कळले. पण त्याशिवाय नेमके काय बदलले?"

मी म्हणालो, "आता तुम्हाला काढायचे असेल तर आधी तुमचे ऐकून घ्यावे लागेल."

त्यांना हे उत्तर फार लहान वाटले. "फक्त ऐकून घ्यायचे? मग काढताच येईल ना?" हो, काढता येईल. पण "फक्त ऐकून घ्यायचे" या तीन शब्दांसाठी आपल्या देशात किती माणसे कोर्टाच्या पायऱ्या चढली, किती जणांची उमेदीची वर्षे त्यात गेली, हे मला त्यांना सांगायचे होते. शाळेची घंटा झाली आणि बोलणे राहून गेले. ते आज इथे लिहितो.

ही हकीकत शाळेत सुरू होत नाही. ती रेल्वेत सुरू होते. आमच्या यावलला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर तापीचा पूल ओलांडून भुसावळ गाठावे लागते. पण रेल्वे नसली तरी रेल्वेचा पगार आमच्या तालुक्यातल्या अनेक घरांनी खाल्ला आहे. मुंबईहून येणारा मार्ग भुसावळला फुटतो. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खंडवा-इटारसीकडे. इंजिनांचे शेड, कारखाना, विभागीय कार्यालय, रेल्वे कॉलन्या, यांवर ते शहर उभे राहिले. खान्देशात एके काळी मुलगी देताना "मुलगा रेल्वेत आहे" एवढे वाक्य पुरेसे होते. रेल्वेची नोकरी म्हणजे पक्की नोकरी, असा समज होता. पण कागदावर ती तेवढी पक्की नव्हती.

मर्जी आणि बडतर्फी

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून आधी शब्दांविषयी थोडे. मराठीतले कचेरीचे आणि कोर्टाचे बरेच शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. वकील, फिर्याद, दावा, जामीन, हुकूम, तारीख. 'मर्जी' त्यातलाच आणि 'बडतर्फ'ही त्यातलाच. फारसीत 'बर-तरफ' म्हणजे एका बाजूला केलेला. माणसाला उचलून बाजूला ठेवला की तो बडतर्फ.

इंग्रजांच्या राज्यात सरकारी नोकर राजाच्या मर्जीवर नोकरीत राहत असे. मर्जी संपली की नोकरी संपली. आपल्या राज्यघटनेने हे तत्त्व पूर्णपणे टाकून दिले नाही. कलम ३१० मध्ये ते आजही आहे. फक्त राजाच्या जागी राष्ट्रपती आणि राज्यपाल आले. पण लगेच पुढचे कलम ३११ त्या मर्जीला लगाम घालते. त्याचा सारांश असा : सरकारी सेवकाला बडतर्फ करायचे, सेवेतून दूर करायचे किंवा खालच्या पदावर ढकलायचे असेल, तर आधी चौकशी झाली पाहिजे, आरोप काय आहेत ते त्याला सांगितले पाहिजे आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी त्याला दिली पाहिजे. मर्जी आणि बडतर्फी यांच्यामध्ये घटनेने एक पायरी बांधली. मराठीत तिला सुनावणी म्हणतात, उर्दूत समाअत.

हा विचार आपल्याला परका नाही. हजरत अली यांना न्यायदानासाठी यमनला पाठवताना पैगंबरसाहेबांनी दिलेली ताकीद हदीसमध्ये आली आहे. तिचा आशय हाच की, समोर दोघे जण वाद घेऊन आले तर दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नका. मदरशातल्या लहान मुलालाही हे पटते. मोठमोठ्या कचेऱ्यांना पटायला मात्र वेळ लागतो.

नागपूरमार्गे दिल्ली

रेल्वे सुरुवातीला सरकारी नव्हती. १८५३ साली मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी कंपनीची. भुसावळला रूळ आणले तेही तिनेच. ही कंपनी १९२५ साली सरकारच्या ताब्यात गेली. रेल्वे सरकारी झाली, पण तिच्या नियमांच्या पुस्तकात करारावर चालणाऱ्या नोकरीचा वास राहिला. कंपनीत मालक आणि नोकर यांचा करार असतो. मालकाने नोटीस द्यायची, ठरलेला पगार हातावर ठेवायचा आणि नमस्कार करायचा. रेल्वेच्या नियम १४८ मध्ये अगदी हीच सोय होती. कायम झालेल्या कर्मचाऱ्यालाही ठरावीक मुदतीची नोटीस देऊन घरी पाठवता येत असे. कारण सांगायची गरज नाही, चौकशीची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर या सोयीला आणखी एक जोड मिळाली. १९४९ साली रेल्वे सेवकांसाठी राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने वेगळे नियम झाले. ज्याच्यावर विध्वंसक कारवायांचा संशय असेल त्याला या नियमांखाली काढता येई. तो काळ कम्युनिस्ट चळवळीचा आणि रेल्वे संपाच्या हाकांचा होता. १९५० साली बंगाल नागपूर रेल्वेच्या काही कर्मचाऱ्यांना या नियमांखाली नोटिसा मिळाल्या. तुम्ही कम्युनिस्टांबरोबर आहात, रेल्वेत सार्वत्रिक संप घडवून आणायची तयारी करत आहात, असे आरोप होते. त्यांनी उत्तरे दिली. सल्लागार समितीपुढे प्रकरण गेले. शेवटी नोटिशीच्या बदल्यात पगार देऊन त्यांची सेवा संपवण्यात आली.

हे कामगार नागपूर उच्च न्यायालयात गेले आणि हरले. मग सर्वोच्च न्यायालयात गेले. पी. बालकोटय्या विरुद्ध भारत सरकार या नावाने तो खटला ओळखला जातो. निकाल १० डिसेंबर १९५७ रोजी लागला. कामगार पुन्हा हरले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते : यांना शिक्षा झालेली नाही, फक्त सेवा संपली आहे. आतापर्यंत कमावलेले काही हिरावून घेतलेले नाही, म्हणून कलम ३११ लागू होत नाही. संघटना करण्याच्या हक्काचे काय? तर हा हुकूम त्यांना कम्युनिस्ट किंवा युनियनवाले राहण्यापासून रोखत नाही. ते खुशाल राहोत, फक्त सरकारी नोकरीत राहण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाही.

कायद्याच्या भाषेत हे नीटनेटके दिसते. पण ज्याच्या घरी चार मुले आहेत आणि ज्याला दुसरे काम येत नाही, त्याला "शिक्षा नाही, फक्त सेवा संपली" हे वाक्य वाचून दाखवा. चूल विझते ती दोन्हींमध्ये सारखीच.

एक शिपाई

सहा वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला, आणि या वेळी आला तो ईशान्य सीमा रेल्वेतल्या एका शिपायाच्या नावाने. मोतीराम डेका हे त्यांचे नाव. त्यांच्यासोबत सुधीरकुमार दास नावाचे एक कायम कारकून होते. प्रिया गुप्ताही होते, रेल्वे कामगार चळवळीतले ते एक मोठे नाव. रेल्वेचे आणखी काही कर्मचारीही होते. सगळ्यांची हकीकत एकच. नियम १४८ किंवा त्याच्या जागी आलेल्या नियम १४९ खाली नोटीस आली आणि नोकरी गेली. आरोप नाही, चौकशी नाही.

प्रश्न इतका महत्त्वाचा होता की सात न्यायमूर्तींचे घटनापीठ बसले. रेल्वेची बाजू अशी होती की, नोकरीत लागताना या अटी यांना माहीत होत्या. नोटीस देऊन सोडून जाण्याचा हक्क कर्मचाऱ्यालाही आहे, मग काढण्याचा हक्क आम्हाला का नसावा? करार दोन्ही बाजूंनी सारखाच आहे.

हा युक्तिवाद आजही आपण रोज ऐकतो. "सही करताना वाचले नव्हते का?" पण विचार करा. शिपाई सोडून गेला तर रेल्वेला दुसरा शिपाई मिळेल. रेल्वेने शिपायाला काढले तर शिपायाला दुसरी रेल्वे मिळणार नाही. मग हा करार सारखा कसा?

५ डिसेंबर १९६३ रोजी निकाल आला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिले. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर कामगार कायद्यातले जाणते म्हणून ओळखले जात. पुढे दोनच महिन्यांनी ते सरन्यायाधीश झाले. त्यांच्याशी सहमत असलेल्यांत न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला होते. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि दास गुप्ता यांनी वेगळी निकालपत्रे लिहिली, पण निष्कर्ष तोच काढला. एकटे न्यायमूर्ती जे. सी. शहा विरोधात राहिले.

बहुमताने सांगितले की, कायम कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वयापर्यंत आपल्या पदावर राहण्याचा हक्क असतो. वय झाले म्हणून किंवा ठरलेल्या नियमाने सक्तीची निवृत्ती दिली तर गोष्ट वेगळी. पण मधेच एक महिन्याची नोटीस देऊन घरी पाठवणे म्हणजे सेवेतून दूर करणेच होय, मग त्याला नाव काहीही द्या. आणि सेवेतून दूर करायचे तर कलम ३११ ची पायरी चढावीच लागेल. रेल्वेचे ते दोन्ही नियम रद्द झाले.

मला या निकालात सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. सहा वर्षांपूर्वी बालकोटय्या प्रकरणात कागदावरच्या शब्दाला वजन मिळाले होते, आता माणसाच्या आयुष्यात काय घडले त्याला वजन मिळाले. आणि हे वजन एका शिपायाच्या अर्जामुळे मिळाले. त्याचा फायदा फक्त रेल्वेला झाला नाही. तलाठी, पोस्टमन, पोलीस शिपाई, कोर्टातला बेलिफ, अशा प्रत्येक कायम सरकारी सेवकाच्या पाठीशी मोतीराम डेका उभे आहेत. यांतल्या बहुतेकांनी त्यांचे नाव ऐकलेले नाही.

संप आणि मागचा दरवाजा

पण कलम ३११ ला घटनेनेच एक मागचा दरवाजा ठेवला आहे. तीन प्रसंगी चौकशीशिवाय काढता येते. एक, फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरल्यामुळे काढायचे असेल तर. दोन, चौकशी करणे व्यवहारतः शक्य नाही असे अधिकाऱ्याला वाटले आणि त्याने तशी कारणे लिहून ठेवली तर. तीन, राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्तविषयक नियमांत हाच दरवाजा नियम १४ म्हणून आला.

१९७४ चा रेल्वे संप आमच्या भागातल्या जुन्या माणसांना आजही आठवतो. ८ मे पासून जवळपास वीस दिवस तो चालला. जॉर्ज फर्नांडिस नेते होते. संप सुरू होण्याआधीच त्यांना अटक झाली. सुमारे सतरा लाख कामगारांच्या बोनसच्या, पगाराच्या आणि कामाच्या तासांच्या मागण्या होत्या. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणाऱ्या फायरमनला आणि ड्रायव्हरला एकदा गाडीवर चढले की किती तासांनी उतरू हे माहीत नसे. आठ तासांची पाळी ही मागणी ऐकायला साधी आहे, पण इंजिनाच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसासाठी ती जिवाची मागणी होती. सरकारने संप बेकायदा ठरवला, हजारोंना तुरुंगात टाकले, हजारोंना कामावरून काढले. संप मागे घ्यावा लागला. १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि रेल्वेमंत्री झाले आपल्या अहमदनगरचे मधु दंडवते. संपात काढलेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले. तेव्हा कामगारांना न्याय मिळाला तो मतपेटीतून, कोर्टातून नव्हे.

१९८१ च्या सुरुवातीला इंजिनावर काम करणाऱ्यांचे म्हणजे लोको रनिंग स्टाफचे आंदोलन झाले. या वेळी रेल्वेने मागचा दरवाजा उघडला. चौकशी करणे शक्य नाही असे कागदावर लिहायचे आणि बडतर्फीचा हुकूम काढायचा. असे अनेक ड्रायव्हर आणि फायरमन एका कागदाने बाहेर गेले. ते वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेले आणि शेवटी सगळी प्रकरणे दिल्लीला एकत्र झाली. त्या गठ्ठ्याला नाव मिळाले ते जबलपूरच्या लष्करी बांधकाम खात्यातल्या एका लेखापरीक्षकाचे, तुलसीराम पटेल यांचे. त्यांनी वरिष्ठाच्या डोक्यात लोखंडी सळई मारली होती आणि फौजदारी कोर्टात ते दोषी ठरले होते. रेल्वेवाल्यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, पण प्रश्न एकाच कलमाचा होता.

दोन दिवस, दोन निकाल

जुलै १९८५ मधले दोन लागोपाठचे दिवस मला नेहमी विचारात पाडतात. १० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांच्या झोपड्या महापालिका उठवत होती. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी लिहिले की, जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो. उठवण्याआधी माणसाला म्हणणे मांडायची संधी का द्यायची, यावर त्यांनी बरेच विस्ताराने लिहिले. झोपड्या शेवटी वाचल्या नाहीत, फक्त पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली. पण तत्त्व उभे राहिले.

दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, तुलसीराम पटेल खटल्याचा निकाल आला. हा चंद्रचूडांचा शेवटचा दिवस होता. पाच जणांच्या पीठात ते होते, व्ही. डी. तुळजापूरकरही होते. तुळजापूरकर आदल्या दिवशीच्या पीठातही होते. निकालपत्र मुंबईचे न्यायमूर्ती डी. पी. मदन यांनी लिहिले. चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले की, मागचा दरवाजा घटनेनेच ठेवला आहे, तो उघडला तर आधी सुनावणी मागता येणार नाही. न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर एकटे विरोधात राहिले.

काल फुटपाथवाल्याची रोजीरोटी हा जगण्याचा हक्क होता. आज इंजिन ड्रायव्हरची रोजीरोटी न ऐकता जाऊ शकत होती. मला हे सोपे करून सांगायचे नाही. न्यायालयापुढे एकीकडे जगण्याच्या हक्काचे कलम होते आणि दुसरीकडे घटनेत स्पष्ट लिहिलेला अपवाद. देशात असे प्रसंग येतात की जमाव साक्षीदारांना धमकावतो, चौकशी अधिकाऱ्याला घेरतो. तेव्हा चौकशी खरोखर होऊ शकत नाही. अपवाद ठेवण्यात चूक नव्हती. प्रश्न हा होता की शेकडो माणसांसाठी एकच वाक्य छापून अपवाद वापरता येतो का.

आणि या प्रश्नाला त्याच निकालाने एक फट ठेवली होती. मदन यांनी लिहिले होते की, काढलेल्या कर्मचाऱ्याला खात्यात अपील करता येईल. वातावरण निवळले असेल तर तेव्हा चौकशी मागता येईल. आणि 'चौकशी शक्य नव्हती' हे अधिकाऱ्याचे म्हणणे खरे होते की नाही, हे न्यायालय तपासू शकेल. हरलेल्या निकालातली ही दोन-तीन वाक्ये घेऊन कामगार आणि त्यांच्या संघटना पुन्हा कामाला लागल्या. १९८५ च्या नोव्हेंबरात केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण सुरू झाले होते. सरकारी सेवकांची प्रकरणे आता तिथे जात होती. तिथे प्रश्न विचारले गेले : चौकशी का शक्य नव्हती? कोणी धमकावले? केव्हा? कुठे नोंद आहे? अनेक ठिकाणी रेल्वेकडे उत्तर नव्हते.

१९९३ साली भारत सरकार विरुद्ध आर. रेड्डप्पा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९८१ च्या आंदोलनात असे काढलेल्या कामगारांना तीन महिन्यांत कामावर घ्या आणि तीन वर्षांच्या पगाराएवढी भरपाई द्या. जे मधल्या काळात निवृत्तीच्या वयाला पोहोचले त्यांनाही भरपाई द्या. बारा वर्षे! १९८१ साली पहिलीत असलेले पोर तोवर कॉलेजात पोहोचले होते. भरपाई मिळाली तीन वर्षांची. उरलेली वर्षे कोणी परत करू शकत नाही. 'फक्त ऐकून घ्यायचे' ते न केल्याची किंमत ही अशी असते.

बोटी आणि बस

आतापर्यंत आपण सरकारी खात्याबद्दल बोललो. पण सरकारने खात्यांबरोबर महामंडळेही काढली. महामंडळाचा नोकर तांत्रिक अर्थाने सरकारी सेवक नसतो, म्हणून कलम ३११ त्याला मिळत नाही. आणि गंमत पाहा, रेल्वेत रद्द झालेला नोटिशीचा नियम महामंडळांच्या पुस्तकात आरामात राहत होता.

कोलकात्याला नदीतून मालवाहतूक करणारे केंद्र सरकारचे एक महामंडळ होते. तिथे कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन काढता येई. त्याविरुद्धचा ब्रजोनाथ गांगुली यांचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निकालात काढला. निकालपत्र कोणी लिहिले? त्याच न्यायमूर्ती मदन यांनी. त्यांनी सांगितले की, एक बाजू इतकी बलवान आणि दुसरी इतकी दुबळी असेल की दुबळ्याला समोर ठेवलेल्या कागदावर सही करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर असला अन्यायी करार न्यायालय मानणार नाही. "सही करताना वाचले नव्हते का?" याला अखेर उत्तर मिळाले.

मग दिल्लीच्या बस. दिल्ली परिवहन महामंडळाच्या १९५२ च्या विनियमांत एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन काढण्याची सोय होती. १९८५ मध्ये तीन कायम कर्मचाऱ्यांना असे काढले. ते आणि त्यांची युनियन, डीटीसी मजदूर काँग्रेस, दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. महामंडळ अपिलात गेले. ४ सप्टेंबर १९९० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला. तो विनियम रद्द झाला. बहुमतात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ज्यांना महाराष्ट्र पुढे सामाजिक चळवळींमधला माणूस म्हणून ओळखू लागला. विरोधी मत स्वतः सरन्यायाधीश सब्यसाची मुखर्जी यांचे होते. विनियम रद्द न करता त्यात 'योग्य कारण असल्यास' असे वाचावे, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताने ते मानले नाही. नियमात जे लिहिलेच नाही ते तिथे आहे असे समजून कंडक्टरने निश्चिंत कसे राहायचे?

आमच्या यावलच्या एसटी आगारातल्या चालक-वाहकांनाही कलम ३११ नाही. त्यांच्यासाठी औद्योगिक कायदे आहेत, कामगार न्यायालये आहेत. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा जो लांबलेला संप झाला, तो महामंडळ राज्य शासनात विलीन करा या मागणीवर. पगाराच्या आकड्यांची चर्चा खूप झाली, पण विलीनीकरणाच्या मागणीमागे सरकारी नोकरीची ही सुरक्षितताही होती. मुंबई उच्च न्यायालयात महिनोन्महिने प्रकरण चालले. शासनाने नेमलेल्या समितीने विलीनीकरण नाकारले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने कामगारांना २२ तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितले आणि जे रुजू होतील त्यांना काढू नये असे महामंडळाला बजावले. विलीनीकरण मिळाले नाही, नोकऱ्या वाचल्या.

पुन्हा स्टाफरूममध्ये

आता माझ्या तरुण सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही खासगी अनुदानित शाळांतले शिक्षक. आम्हालाही कलम ३११ नाही. आमच्यासाठी महाराष्ट्राने १९७७ साली वेगळा कायदा केला. त्यानुसार कायम शिक्षकाला किंवा शिक्षकेतर कर्मचाऱ्याला काढायचे तर आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी समिती नेमावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. तरी अन्याय झाला तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. रेल्वेतल्या शिपायाने जी पायरी मागितली होती तीच ही पायरी आहे. तुमच्या हातातल्या आदेशाचा खरा अर्थ हा आहे, सर.

पण ही पायरी कायम माणसासाठी आहे. जो कायमच होणार नाही त्याचे काय? २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नियमित भरतीशिवाय घेतलेल्या हंगामी आणि कंत्राटी माणसाला केवळ अनेक वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मागच्या दाराने होणारी भरती थांबावी हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण पुढच्या दाराने भरतीच होत नसेल तर? स्टेशनवर झाडू मारणारा आज रेल्वेचा नसतो, ठेकेदाराचा असतो. त्याला काढायला एक महिन्याची नोटीससुद्धा लागत नाही. "उद्यापासून येऊ नको" एवढे पुरते.

डिसेंबर २०२० मध्ये आपल्या राज्य शासनाने निर्णय घेतला की, अनुदानित माध्यमिक शाळांतली शिपायांची पदे रिकामी होतील तशी संपवायची आणि त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता द्यायचा. म्हणजे घंटा वाजवणारा माणूस राहील, पण पद राहणार नाही. पद नाही म्हणजे कायमपण नाही आणि ऐकून घेण्याचे बंधनही नाही.

मोतीराम डेका शिपाई होते. एका शिपायाला कायम पद होते, म्हणून त्याला कोर्टात जाऊन सांगता आले की मला असे काढता येणार नाही, आणि त्याच्या सांगण्याने देशातल्या लाखो माणसांची नोकरी सुरक्षित झाली. आज ते कायम पदच आपण एकेक करून काढून घेतो आहोत आणि त्यावर स्टाफरूममध्ये चर्चाही होत नाही, कारण ते आपले पद नाही.

माझ्या सहकाऱ्यांनी पेढ्यांचा पुडा फिरवला तेव्हा सगळ्यात शेवटी तो आमच्या शाळेच्या शिपायांकडे गेला. काका दोन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांच्या जागी जो येईल त्याला कायमचा आदेश मिळणार नाही. हे सगळे वाचून झाल्यावर, सर, तुम्ही आणि मी मिळून त्याच्यासाठी काय करू शकतो, याचा विचार करू या.